बॅकहो लोडरला बर्फ सारण्याचे पाते

प्रश्न : घरी बनवलेले बर्फ सारण्याचे पाते बॅकहो लोडरच्या (पुढे माती उचलणारी बकेट आणि मागे खोदणारी भुजा असलेल्या यंत्राच्या) पुढच्या बकेटला थेट वेल्डिंग करून जोडावे का?

उत्तर : वेल्डिंग कृपया टाळावे. बकेटची धार कठीण पोलादाची असते आणि ती आधी नीट तापवून न घेता वेल्डिंग केल्यास जोडालगत तडे जाऊ शकतात. त्याऐवजी पात्यामागे जाड पत्र्याची खोबण करून तीत बकेटची धार शिरवावी आणि पाते साखळ्यांनी बकेटला घट्ट आवळावे. खरी काळजी मात्र पुढेच आहे : कित्येक टनांचे यंत्र बर्फाखाली दडलेल्या दगडावर अडले, की सारा धक्का लोडरच्या बकेट उचलणाऱ्या भुजांवर आणि त्यांच्या सांध्यांतल्या पिनांवर येतो, म्हणून अडताच पात्याची खालची कड मागे वळेल अशी स्प्रिंगची बिजागरी हवीच. पाते तिरके ठेवल्यास भुजांना पीळही बसतो. वेग चालण्याइतकाच ठेवावा.