बासची खालची तार फडफडते
प्रश्न: नोकरी सांभाळून शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. परवा एका हळदीला गिटारच्या १५ वॉटच्या अँपला बास जोडला. खालच्या तारेवर नुसती फडफड! बास बिघडला का?

उत्तर: बास ठणठणीत आहे, त्या बिचाऱ्या स्पीकरला विचारा. बासची जाड ‘ई’ तार ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची ८२ वर. गिटारच्या छोट्या स्पीकरचा कोन (पुढचा कागदी पडदा) तेवढा हलायला बनलेलाच नसतो. मीही असाच एक फाडलाय, तोही मित्राचा. (पैसे भरले, वर मिसळही खिलवली.) तेव्हापासून बॅगेत डीआय बॉक्स (बासचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी छोटी डबी) असतोच, बास त्यात, तिथून थेट मिक्सरला. घूं-घूं सुरू झालं तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नलच्या वायरमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबून बघा. मंडपवाला प्लगची अर्थिंगची पिन काढायला सांगेल, त्याचं मात्र अजिबात ऐकू नका.