वडील स्वप्नात येतात, काही राहून गेलंय का?

पितृपक्ष जवळ आला की हा प्रश्न हमखास येतो. एरवी तो वेगळ्या रूपांत येतो. दात पडल्याचं दिसलं, घरातलं कुणी जाणार का? लग्न दिसलं, म्हणजे मरण का? मेलेली सासू दारात उभी दिसली, तिला काय हवं असेल? आणि सांगून झालं की हलक्या आवाजात पुरवणी: "पहाटेचं होतं हो."

आधी पहाटेचंच बघू. झोप साधारण नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत चालते आणि प्रत्येक फेरीत ठळक स्वप्नांचा एक टप्पा असतो. रात्रीच्या पहिल्या फेरीत तो जेमतेम काही मिनिटांचा असतो, पहाटेकडे अर्ध्या तासापर्यंत लांबतो. म्हणून लांबलचक, रंगीत स्वप्नं पहाटे पडतात. त्यातूनच थेट जाग आली तर ती लक्षात राहतात, रात्री एकची विरून जातात. शिवाय शंभरातलं एखादं जुळलं की घरात वर्षानुवर्षं सांगितलं जातं, न जुळलेल्या नव्व्याण्णवांची आठवण कुणी काढत नाही. पहाटेचं स्वप्न खरं होतं ही समजूत एवढ्या भांडवलावर चालते.

मग स्वप्नांना अर्थच नसतो का? असतो. तो कुठे शोधायचा, यात बहुतेकांची गल्लत होते. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या सुनंदाताईंचं उदाहरण घेतो. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पंचेचाळिशीच्या बाई, पतसंस्थेत कॅशियर. वडील पक्षाघाताने गेले त्याला दीड वर्ष झालेलं. स्वप्न एकच, आठवड्यातून दोन-तीनदा: गावच्या घरी पंगत बसलीय, सुनंदाताई आमटी वाढत येतात, वडिलांच्या ताटापाशी पोचतात आणि पातेलं रिकामं होतं. साडेचारला दचकून जाग. पुढे झोप नाही, ऑफिसात नोटा दोनदा मोजायच्या. घरात एकमत झालं होतं की वडील अतृप्त आहेत, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करावा. भावाने तारीखही विचारून ठेवलेली.

सगळ्यांनी त्यांना वडिलांबद्दल विचारलं होतं. ते काय मागतात, कोणते कपडे होते, रागावलेले दिसतात का. मी दुसरीकडून सुरुवात केली.

"पातेलं रिकामं होतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"डाव फिरवत राहते. तळाला लागतो तो."

"बाबांकडे बघता?"

त्या थांबल्या. "नाही. मी पातेल्यातच बघते."

"असं मान खाली घालून त्यांच्यासमोर कधी उभं राहायला लागलं होतं? जागेपणी?"

उत्तर त्या दिवशी आलं नाही. पुढच्या भेटीत बसता बसताच त्यांनी सांगितलं. दवाखान्यात वडिलांची गिळण्याची ताकद गेली होती. नाकातून नळी. तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होईल, अशी डॉक्टरांची ताकीद. शेजारच्या खाटेवर कुणीतरी डबा उघडला, आमटीचा वास आला. वडिलांनी बरा असलेला हात तोंडाकडे नेला. "आणि मी टेबलावरची औषधं आवरत बसले. वर बघितलंच नाही." मग म्हणाल्या, "मी बाबांना उपाशी घालवलं."

माझ्या मते स्वप्नाचा अर्थ या एका वाक्यात होता. आमटी, पंगत, पातेलं ही सगळी त्या वाक्याची सजावट. आमटी म्हणजे अमुक आणि रिकामं भांडं म्हणजे तमुक, असं सांगणाऱ्या पुस्तिका बाजारात ढिगाने मिळतात. त्यातली एकही इथवर पोचली नसती, कारण त्यांना सुनंदाताईंचा दवाखाना माहीत नाही.

असं वाक्य सापडलं की ते गोंजारत बसायचं नसतं. तपासायचं असतं.

"नळीतून किती देत होता?"

"दर तीन तासांनी दोनशे मिली. डाळीचं पाणी, ताक, पेज."

"कोण द्यायचं?"

"बहुतेक मीच. लिहून ठेवायचे ना मी, वेळ आणि माप."

"ती वही आहे?"

होती. कॅशियरच ती! पुढच्या वेळी वही टेबलावर आली. तारीख, वेळ, मिली, उलटी झाली का, असे रकाने पाडलेले. शेवटची नोंद ते गेले त्या पहाटेची. मी त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगितलं. दोन पानं वाचून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "उपाशी नव्हते ते." थोड्या वेळाने, "पण चव मिळाली नाही त्यांना." हे खरंच होतं आणि मी ते पुसायला गेलो नाही. वडिलांना शेवटचा घास देता आला नाही, याचं दुःख राहणार आणि राहावंही. मी त्यांचा गुन्हेगार आहे, हा विचार मात्र वहीसमोर टिकला नाही. दुःख आणि अपराधगंड वेगळे करता आले की शोकाचं निम्मं काम होतं, असं मी मानतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने, म्हणजे त्रास देणारा विचार तपासून बघत, काम करणाऱ्याला हा फरक फार जवळचा.

आता थोडं शास्त्र. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी १८९९च्या अखेरीस स्वप्नांवरचा ग्रंथ काढला आणि प्रत्येक स्वप्नामागे दडपलेली इच्छा शोधली. १९७७मध्ये हॉब्सन आणि मॅकार्ले या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी दुसरं टोक गाठलं: मेंदूच्या तळाकडून उसळणाऱ्या संदेशांची मेंदू जमेल तशी गोष्ट जुळवतो, तेच स्वप्न. मानसशास्त्रज्ञ कॅल्विन हॉल यांनी हजारो स्वप्नं जमवून मोजदाद केली. दिवसाच्या काळज्या, माणसं आणि नातीच रात्री दिसतात, हे त्यातून पुढे आलं. मला हे पटतं. आपल्याकडे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात, ते याहून फार वेगळं नाही. झोपेतल्या ठळक स्वप्नांच्या टप्प्यात मेंदूतला भावनांचा भाग जोरात चालतो आणि तर्क करणारा पुढचा भाग मंदावतो. म्हणून काळजी खरी असते, पण गोष्ट अचाट.

वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नावर एक साधा, अभ्यासलेला उपाय आहे. अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्राको यांनी १९९०च्या दशकापासून त्यावर काम केलं. दिवसा वही घ्या. स्वप्न वर्तमानकाळात एका पानात लिहा. मग ते हवं तिथून बदला आणि नवं स्वप्न लिहा. रोज दहा मिनिटं डोळे मिटून फक्त नवंच बघा. आवाज, वास, पायाखालची फरशी, सगळं. जुनं पुन्हा वाचायचं नाही. दोन-तीन आठवडे द्या. अनेक दुःस्वप्नं असतील तर सर्वांत भयंकर आधी घेऊ नका, मधलं घ्या. अंथरुणात सराव करू नका, झोपायची जागा त्या विषयाशी बांधली जाते.

लोक चुकतात ते बदल निवडताना. सुनंदाताईंनी आधी पातेलं काठोकाठ भरलं. चार दिवसांत कंटाळल्या, "खोटं वाटतं." वाटणारच. ज्यावर मन अडलंय त्याला तो बदल शिवतच नव्हता. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलं: पातेलं बाजूला ठेवते, बाबांशेजारी पाटावर बसते, त्यांच्याकडे बघून सांगते, "घशाखाली उतरत नव्हतं बाबा, म्हणून दिलं नाही." हे टिकलं. महिन्याभरात पंगत विरळ झाली. पुढे एकदा पडली, तेव्हा त्या न दचकता उठल्या.

नागबळीचं काय? मी म्हटलं, घरच्यांच्या समाधानासाठी तीन दिवस द्यायचे तर जरूर द्या. स्वप्न बंद व्हावं म्हणून नको. विधीनंतरही स्वप्न पडलं तर भीती दुप्पट होते, मग आणखी मोठा विधी. भावाने विधी केला, सुनंदाताईही सोबत गेल्या.

प्रत्येक स्वप्नाची वही करायची गरज नाही. महिन्यातून एखादं पडलं तर चहा प्या आणि कामाला लागा. आठवड्याला एकापेक्षा जास्त वेळा झोप मोडत असेल तर मात्र बोला. नवी गोळी सुरू झाल्यावर दुःस्वप्नं वाढली असतील, तर डॉक्टरांना सांगा. रक्तदाबाची काही औषधं, उदाहरणार्थ प्रोप्रानोलॉल, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या असं करतात. त्या आपल्या मनाने बंद करू नका. दारू अचानक सोडल्यावरही काही दिवस स्वप्नं उसळतात. घोरणं आणि गुदमरून उठणं असेल तर श्वासाची तपासणी आधी करा. आणि पन्नाशीनंतरचा माणूस झोपेत स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडत असेल, शेजारच्याला मारत असेल, तर समुपदेशकाकडे न येता थेट मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. पलंगाशेजारचं टोकदार टेबल त्याच रात्री हलवा.