निकेल-मॉलिब्डेनमचा थर गळतोय? नॅफियॉन वाढवून काही होणार नाही

प्रश्न असा आहे की निकेल फोमवर (स्पंजसारख्या सच्छिद्र निकेलवर) निकेल-मॉलिब्डेनमची उत्प्रेरक पावडर नॅफियॉन या पॉलिमरच्या बाइंडरने चिकटवली, 1 मोलर केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कलीत) विजेने पाण्यातून हायड्रोजन काढताना ती गळते, तर नॅफियॉन किती वाढवायचं?

अजिबात नाही. बाइंडर वाढला की बुडबुड्यांची वाट अडते, रोध वाढतो आणि थर आतून उचलला जातो. पावडर सोडा, सरळ प्लेटिंग करा, म्हणजे विजेने धातूचा थर फोमवरच बसवा. फोम अ‍ॅसिटोनमध्ये, मग 3 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दहा-दहा मिनिटं सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने हलवून स्वच्छ करा), धुवा आणि ओला असतानाच बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात सोडा. 100 मिलीला निकेल सल्फेट हेक्झाहायड्रेट 5.3 ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेट 0.5 ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट 8.8 ग्रॅम, अमोनियाने पीएच 9.5 च्या आसपास. फोम कॅथोड (ऋण टोक), अ‍ॅनोड (धन टोक) निकेलच्या पत्र्याचा. दर चौरस सेंटिमीटरला 50 मिलिअँपिअरपासून सुरुवात करा, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मॉलिब्डेनम पाण्यातून एकटं बसत नाही, निकेलसोबतच बसतं. म्हणून मॉलिब्डेट ओतत सुटलात तर करंट वाया जातो. थर जाड केलात तर ताणाने तडकतो. आणि चाचणीत फोम केओएच वर शोषून घेतो, ते वीजजोडणीच्या क्लिपपर्यंत पोचलं की क्लिपचं तांबं द्रावणात येतं. बुडणाऱ्या भागाच्या वर एपॉक्सीचा पट्टा हवाच.

आता खरं दुखणं. प्रश्नासोबतच्या तुमच्या सेलच्या फोटोत काउंटर इलेक्ट्रोड (समोरचा, इथे अ‍ॅनोड) प्लॅटिनमच्या तारेचा दिसतोय. मग 'प्लॅटिनमविना उत्प्रेरक' म्हणायचं कशाला? अ‍ॅनोडवर प्लॅटिनम किंचित किंचित विरघळतं, कॅथोडवर जाऊन बसतं आणि ओव्हरपोटेन्शिअल (हायड्रोजन काढायला लागणारा जादा व्होल्टेज) दिवसेंदिवस घटत जातं. त्याला 'अ‍ॅक्टिव्हेशन' असं गोंडस नाव देणारे भरपूर भेटतात. 'अल्कलीत प्लॅटिनम विरघळत नाही' हे पालुपद तर पाठ झालंय. विरघळतं, आणि अगदी थोडं बसलं तरी आकडा फिरवायला पुरतं. ग्राफाइटची कांडी किंवा निकेलची जाळी लावा, जमल्यास दोन्ही इलेक्ट्रोडच्या मधे मेम्ब्रेन (पातळ पडदा) घाला, चाचणीनंतर इलेक्ट्रोडची एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी क्ष-किरण चाचणी) करून प्लॅटिनम शोधा. तोवर तुमच्या आलेखावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. आयआर दुरुस्तीचंही (द्रावणाच्या रोधात वाया गेलेला व्होल्टेज आकड्यातून वजा करण्याचंही) तेच: 1 ओहम आणि 100 मिलिअँपिअर म्हणजे 100 मिलिव्होल्ट, तेव्हा दुरुस्तीआधीचा आलेखही द्या.

हो, ग्राफाइट ऑक्सिजनच्या बाजूला झिजतो, काळे कण दिसले तर घाबरू नका, द्रावण बदला. करंट बंद करून इलेक्ट्रोड केओएचमध्ये तसाच ठेवला तर मॉलिब्डेनम विरघळून जातं. काम झालं की बाहेर काढून धुवा. अमोनिया फ्यूम हूडमध्येच, निकेलचे क्षार हातमोज्यांशिवाय नाही. आणि हे सगळं अल्कलीपुरतंच, आम्लात हा थर टिकणार नाही.