बोलेरो कॅम्परला फोर बाय फोर करायच्या आधी

प्रिय पोरा,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. फक्त मागच्या दोन चाकांवर चालणारी तुझी बोलेरो कॅम्पर पिकअप, चंदगडकडं काजूची बाग, पावसाळ्यात खताची पोती आणि माणसं घेऊन बागेत जायचं तर लाल चिखलात गाडी बसते, म्हणून तिला ऑल व्हील ड्राइव्ह करून घ्यायचीय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणीतरी 'होतंय की' म्हणालाय, म्हणजे तू आता थांबायचा नाहीस. तरी जरा वाच.

पहिलं म्हणजे तुला ऑल व्हील नकोय, तुला पार्ट टाइम फोर व्हील पाहिजे. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलात फिरतात, म्हणजे पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट जास्त फिरायला मागतो, आणि कायम चारही चाकं जोडलेली ठेवायची तर हा फरक पचवायला मध्ये तिसरं डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअरचा संच) लागतं, ते पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनर फोर बाय फोरमध्ये होतं पण ते काढून कॅम्परच्या गिअरबॉक्सला चिकटवायचं डोक्यात सुद्धा आणू नको. पार्ट टाइममध्ये मधलं डिफरन्शियल नसतं, फोर व्हीलची लिव्हर टाकली की पुढचं मागचं एकात एक बांधलं जातं. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो, कोरड्या डांबरीवर तो सुटायला जागाच नाही, सगळी लाइन पिळलेल्या धोतरासारखी ताणून बसते आणि लिव्हर निघता निघत नाही. तसं झालंच तर गाडी सरळ रेषेत थोडी रिव्हर्स घ्यायची, निघते. पण डांबरीवर फोर व्हील टाकायची नाही हे ड्रायव्हरला आधी सांग, त्याला वाटतं चार चाकं म्हणजे घाटात ब्रेक पण दुप्पट. ब्रेक तेवढेच राहतात.

आता मुद्द्याचं. तुझी गाडी अडकते ती बहुतेक मागचं एकच चाक फिरतं म्हणून. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे चिखलातल्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच दुसऱ्याला. वर रिकामी पिकअप मागनं हलकी. आणि गंमत बघ, पुढं अजून एक साधं डिफरन्शियल बसवून फोर व्हील केलीस तरी पुढचं एक आणि मागचं एक चाक सुटलं की गाडी तिथंच उभी. म्हणून माझं मत, आधी मागच्या क्राऊनला, म्हणजे एक्सलच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याला, लॉकर, म्हणजे चाक घसरलं की दोन्ही चाकं एकात एक बांधणारा पार्ट. कंपनीनं स्वतः बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलला मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल दिलंय आणि ती गाडी फक्त मागच्या चाकांवरच चालते. तुझ्या क्राऊनच्या मापाचा लॉकर मिळतो का ते बघ, चिखलाचे टायर त्याच साइजचे घाल, रिकामी जाताना मागच्या एक्सलवर चार पोती वाळू टाक, चिखल आला की हवा थोडी कमी कर आणि डांबरीला लागायच्या आधी परत भर. एवढ्यावर तुझा पावसाळा निघेल असं मला वाटतंय. क्राऊनचे आतले गिअर वेल्डिंगनं जाम करायचा सल्ला पण कोणतरी देणार, त्याच्याकडं परत जाऊ नको, वळणावर टायर घासतील, एक्सल तुटेल आणि ओल्या घाटात गाडी सरळच जाईल.

तरीही करायचीच असेल तर सुटे पार्ट गोळा करत बसू नको. मुंबईच्या कुर्ल्यातनं एक्सल, दिल्लीच्या मायापुरीतनं ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढं-मागं वाटणारा डबा), गावातनं शाफ्ट, असं केलं की प्रत्येक जोडाला लेथवाला लागतो. तुझ्याच मॉडेलची, कंपनीची फोर व्हील असलेली आणि कागदोपत्री रीतसर भंगारात निघालेली पूर्ण गाडी शोध. कारण फक्त पुढचं क्राऊन बसवून भागत नाही: गिअरबॉक्सचं मागचं हाउसिंग आणि आउटपुट शाफ्ट वेगळा, ट्रान्सफर केस धरायला क्रॉस मेंबर वेगळा, मागचा प्रॉपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करायचा, पुढचा नवीन, नकल, हब, बेअरिंग, एबीएस असेल तर त्याचे सेन्सर. सायलेन्सरचा पाइप हलवावा लागतो, आणि पाटा पूर्ण दबल्यावर क्राऊन इंजिनच्या चेंबरला लागतंय का हे गाडी जॅकवर असताना कळतच नाही, वजन टाकून बघायचं. ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड ज्या बाजूला, क्राऊनचं नाक पण त्याच बाजूला पाहिजे, नाहीतर शाफ्ट तिरका जातो आणि त्याच्या सांध्यातला क्रॉस खात राहतो. शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का ते स्वतः बघ, हेल्पर घाईत एक दात चुकवतो आणि मग साठच्या स्पीडला सगळी गाडी थरथरते. हे सगळं जमलं तर लो रेंज, म्हणजे हळू चालायचा जादा गिअर, मिळते, साधारण अडीच पट जोर, आणि बागेतल्या त्या उतारावर ब्रेक न दाबता इंजिनवर उतरता येतं, याचं मोल आहे हे मी पण मान्य करतो.

क्राऊनच्या रेशोचं, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो त्याचं, तेवढं मात्र कुणाच्या तोंडच्या शब्दावर सोडू नको. मागं 4.10 आणि पुढं 4.27 लागलं तर फरक दिसायला चिमूटभर, पण चार टक्के आहे, सरळ रस्त्यावर पण लाइन कायम ताणलेली. तपासायचं असं: सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड, न्यूट्रल, मागचं एकच चाक जॅकवर, दुसरं जमिनीला टेकलेलं. शाफ्टवर खडूनं रेघ मार, उचललेलं चाक हातानं वीस वेळा फिरव आणि दुसऱ्याला शाफ्टचे फेरे मोजायला लाव. दुसरं चाक थांबलेलं असल्यानं फेरे निम्मेच येतात, म्हणून एकेचाळीस आले तर 4.10, पावणेत्रेचाळीसच्या आसपास आले तर 4.27. भंगारातल्या पुढच्या क्राऊनला पण हाच हिशोब, एक बाजू धरून ठेवायची.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलंय. या जोडकामात शंभर किलोच्या वर लोखंड सहज वाढतं, म्हणजे आरसीवरचं रिकाम्या गाडीचं वजन खोटं ठरलं आणि तेवढा माल पण कमी झाला. कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. शेतातल्या शेतात कोण बघतंय हे खरं, पण तू तीच गाडी घेऊन बेळगावला जाणार, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला खाली वाकून बघणारच. त्यामुळं आरटीओत आधी विचार, लेखी विचार.

मला विचारशील तर लॉकर आणि टायरवर यंदाचा पावसाळा काढ, नाहीच भागलं तर ही कॅम्पर विकून कंपनीचीच फोर व्हील कॅम्पर सेकंडहँड बघ, जोडकामाच्या खर्चाच्या मानानं ते बरं पडेल आणि विकताना गिऱ्हाईक पण मिळेल. सध्या ते वीस फेरे मोजून आकडा कळव, आणि मागच्या क्राऊनचा खालनं एक फोटो काढ, चिखल धुवून. लॉकरसाठी क्राऊनचं माप लागणारच आहे.

तुझा काका