कम्युनिटी, कम्युनिकेशन, कम्युनल: मूळ एक, मराठी शब्द अनेक

शहाद्याहून विचारणा आली आहे: गावात लावायच्या पत्रकांचं मराठी करताना 'कम्युनिटी', 'कम्युनिकेशन', 'कम्युनल' हे शब्द सारखे येतात. ते एकाच घराण्यातले आहेत का, आणि मराठीत काय लिहायचं?

घराणं एकच. लॅटिन 'कोम्युनिस' म्हणजे सामाईक. त्यातल्या 'मुनुस'चा अर्थ वाट्याला आलेलं काम किंवा देणं. 'म्युनिसिपालिटी'त हाच मुनुस आहे. 'इम्युनिटी'तही आहे, तिचा मूळ अर्थ अशा कामातून किंवा करातून मिळालेली सूट, रोगाशी तिचं नातं फार उशिरा जुळलं. 'कोम्युनिकारे' म्हणजे आपल्याकडचं दुसऱ्याला देऊन सामाईक करणं. म्हणूनच इंग्रजीत निरोप, आजार आणि रस्ता या तिन्हींना त्यातून आलेलं 'कम्युनिकेट' हे एकच क्रियापद चालतं. मराठीत निरोप कळवतात, आजार संसर्गजन्य असतो आणि रस्ते-तारांचं ते दळणवळण. 'कम्युनिकेशन' हा अभ्यासविषय असेल तर संज्ञापन, मुलाखतीपुरतं असेल तर संवादकौशल्य.

खरी अडचण 'कम्युनिटी'ची. शब्दकोशात पहिला शब्द मिळतो 'समाज', पण खानदेशात 'तुमचा समाज कोणता?' म्हटलं की उत्तर येतं लेवा, गुजर, मराठा, भिल्ल. 'समाजाने सहभागी व्हावे' असं पत्रक चौकात लागलं, तर वाचणारा आधी विचारेल, कोणत्या समाजानं? तिथे सरळ 'गावकऱ्यांनी' लिहा. योजनेच्या भाषेत 'लोकसहभाग' रुळलेला आहेच. धडगाव-अक्कलकुव्याकडे पत्रक वनहक्कांचं असेल, तर 2006च्या कायद्याप्रमाणे 'सामूहिक वनहक्क' हाच शब्द ठेवा. 'सामाजिक' मुळीच नको, कारण 'सामाजिक वनीकरण' ही निराळीच सरकारी यंत्रणा आहे. दावा करणारा माणूस भलत्याच कचेरीत जाईल. पदनाम मात्र आहे तसंच लिहायचं: समुदाय आरोग्य अधिकारी.

'कम्युनल'ला पुढचा शब्द बघितल्याशिवाय हात लावू नये. 'कम्युनल किचन' हे साधं सामाईक स्वयंपाकघर. 'कम्युनल टेन्शन' हा आपल्याकडच्या इंग्रजीतला खास अर्थ, धर्माधर्मांतला तणाव. वर्तमानपत्रं त्याला वर्षानुवर्षं 'जातीय तणाव' म्हणत आली आहेत. पण त्यातून वाद दोन जातींतला असल्याचा समज होतो, म्हणून पत्रकात 'धार्मिक तणाव' असंच लिहावं.