फुकट पलंग मिळाला तरी परत पाठवीन म्हणणारा नवरा

लग्नसराई उरकली की जून-जुलैत माझ्याकडं समुपदेशनाला एक ठरलेली तक्रार यायला लागते. नवरा संभाजीनगरजवळच्या वाळूजला नाहीतर शेंद्र्याला कंपनीत, बायको परभणी, बीड, हिंगोलीकडून नवीन आलेली, भाड्यानं वन बीएचके घेतलेला आणि आत काय तर नुसत्या भिंती, पंखासुद्धा आपलाच आणायचा. डिपॉझिट भरता भरता खिसा रिकामा झालेला. मग दोघं येऊन बसतात आणि म्हणतात, मॅडम रिकाम्या घरात कसं राहायचं, पैसे नाहीत, कुणी आलं की लाज वाटते, रोज यावरून वाजतं. मी बजेट मांडून द्यावं अशी त्यांची अपेक्षा असते. ते मी देतेच, पण अगदी शेवटी.

एका जोडीचं सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. गाव पाथरीकडचं समजा. पगार १९ हजार, भाडं साडेपाच, चार हजार गावाकडं जायचे. पहिल्या भेटीत तो एकटाच बोलत होता, "ही म्हणायली सोफा घ्या, हप्त्यावर घ्या. हप्ता कोण भरणार? मी दोन वर्षं रूमवर पोरांसोबत चटईवर झोपलो, काय झालं मला?" ती खाली बघून म्हणाली, "सोफा राहू द्या हो, चार खुर्च्या म्हणलं मी. मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला की मी फोन भिंतीकडं धरती."

आता इथं बरेच जण लगेच खर्चाची वही काढायला लावतात. मी नाही लावत. मी पहिल्यापासून मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडलरच्या विचारांची, म्हणजे माणूस एखाद्या गोष्टीला अडून बसला की "का अडला" यापेक्षा "अडून बसल्यानं त्याचं काय राखलं जातंय" हे शोधणारी. आणि या माणसाचं मला एक खटकत होतं. पैसे नाहीत म्हणतो, पण त्याच वर्षी गावाकडच्या ओसरीला फरशी बसवून दिलेली, तीही उसने घेऊन. म्हणजे कंजूष नव्हता. मग इथंच हात का आखडतो?

पुढच्या भेटीत मी सरळ विचारलं, "समजा उद्या सकाळी दार उघडलं आणि कुणी पलंग, कपाट, खुर्च्या फुकट आणून ठेवल्यात. काय कराल?" ती लगेच सुरू झाली, पलंग खिडकीखाली, कपाट आतल्या खोलीत, तिचं सगळं डोक्यात मांडून तयार होतं. तो गप्प. मी पण गप्प राहिले, बायको मध्ये बोलायला लागली तर तिला हातानं थांबवलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "परत पाठवीन."

फुकट असून?

"ठिवून काय करू मॅडम. पलंग लागला की झालं, आम्ही इथलेच झालो. माय म्हणंल गेलं पोरगं."

एवढं बोलून त्यानं रुमाल काढला. बायको त्याच्याकडं बघतच राहिली, तिनं हे कधी ऐकलंच नव्हतं, तिला इतके महिने वाटायचं की ह्यांना मी नको, म्हणून घर नको. प्रश्न पैशाचा कधी नव्हताच असं मी म्हणणार नाही, १९ हजारात पैशाचा प्रश्न असतोच, पण त्याच्यासाठी रिकामं घर म्हणजे गावाला दिलेला शब्द होता आणि तिच्यासाठी तेच रिकामं घर म्हणजे नवऱ्यानं न दिलेली जागा. दोघं एकाच भिंतीकडं बघून दोन वेगळ्या गोष्टींवर भांडत होती. असा धागा हातात आला की या कामाचं चीज झालं असं वाटतं, खोटं कशाला बोलू.

मग हळूहळू दुसरी गोष्ट निघाली. तिच्या वडलांनी लग्नात दिलेला लोखंडी पलंग आणि कपाट गावाकडं तसंच पडून होतं, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं! मागायचं कुणी? तिनं मागितलं तर सून वाटणी मागायली, त्यानं मागितलं तर पोरगं वेगळं निघालं. म्हणून दोघंही शहरात नवीन पलंगाच्या किमतीवर भांडायचे. मी म्हटलं, फोन तुम्ही करा, आणि सामान मागू नका, आधी मायला इथं आठ दिवस राहायला बोलवा, मग तिला झोपवायचं कुठं हे तिलाच विचारा. त्यानं केला फोन. माय म्हणाली, "पलंग न्या की, उंदरं नाचायलेत त्याच्यावर. कपाट मात्र राहू द्या, माझी लुगडी हायेत त्यात."

आता बजेटचं, कारण वाचणाऱ्यांना तेच पाहिजे असणार.

दुकानात जायच्या आधी पंधरा दिवस वही ठेवा आणि कोणत्या वस्तूवाचून काम अडलं ते त्या त्या वेळी लिहा. या जोडीतल्या बायकोच्या वहीत ड्रम, बादली, भांड्याची मांडणी, खुंट्या, कपडे वाळवायची दोरी हेच पुन्हा पुन्हा आलं, खुर्ची एकदाच आली आणि ती पण त्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी. आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी कित्येक दिवसांआड, तेव्हा पहिला खर्च पाणी साठवायचा, बसायचा नंतर. पण एमआयडीसीतून निघालेले केमिकलचे निळे ड्रम स्वस्त मिळतात म्हणून त्यात प्यायचं पाणी भरू नका, कितीही धुतले तरी नाही, वापरायच्या पाण्यालाही आधी त्यात काय होतं ते विचारा. मग झोपायचं आणि पंखा. गादी गावाकडच्या कापसाची भरून आणा, आपल्याकडं कापूस काय विकत आणायचाय! उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो म्हणून सगळे कूलरला धावतात, पण कूलर पाणी पितो हे आधी लक्षात घ्या. बसायला सतरंजी आणि दोन लोड, बास.

लोखंडी कॉट, मांडणी, टेबल यासाठी जाफर गेटचा रविवारचा बाजार एकदा फिरून बघा, घासाघीस करणारं माणूस सोबत न्या. भुशाच्या फळीचं चकचकीत फर्निचर भाडेकरूनं घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकदा पाणी लागलं की ते फुगतं आणि स्क्रू काढून पुन्हा बसवले की धरत नाहीत, आणि तुमचा करार तर ११ महिन्यांचा, मालकानं वाढवला नाही की पुन्हा छोटा हत्ती बोलवायचाच आहे. लोखंड निदान विकता तरी येतं. भिंतीला ड्रिल मारायच्या आधी मालकाला विचारा, नाहीतर डिपॉझिटमधून कापतो.

आणि झिरो टक्के हप्ता. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते कुठंतरी प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर रोख घेणाऱ्याला मिळणाऱ्या सवलतीत लपलेलं असतं. म्हणून दुकानदाराला आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्याचं बोला. महिन्याला एक वस्तू, यापेक्षा जास्त वेग १९ हजाराच्या घराला झेपत नाही. आणि ती वस्तू दोघांनी मिळून ठरवायची, एकानं आणून दुसऱ्याला दाखवायची नाही, मग ती बादली का असेना.

त्या दोघांचा पलंग आला, माय पण येऊन राहून गेली. कपाटावरून अजून थोडी धुसफूस आहे. ती म्हणते माझ्या बापानं दिलेलं, तो म्हणतो मायच्या लुगड्यांना जागा कुठंय. पुढच्या वेळी मायला घेऊनच या म्हटलंय.