तुमचे प्रश्न: पॅरालिम्पिक नेमकं सुरू कुठून झालं?

प्रश्न: पॅरालिम्पिक (दिव्यांग खेळाडूंची स्पर्धा) ऑलिम्पिकवाल्यांनीच सुरू केलं का? आणि मुरलीकांत पेटकरांचं १९७२ चं मेडल म्युनिकचं की हायडलबर्गचं? घरात वाद चाललाय.

उत्तर: नाही हो, सुरुवात झाली हॉस्पिटलच्या लॉनवर. लुडविग गुटमान हे जर्मन ज्यू डॉक्टर, नाझींच्या त्रासामुळे १९३९ ला इंग्लंडला गेले आणि १९४४ पासून तिथल्या स्टोक मँडविल हॉस्पिटलात मणक्याला मार लागलेल्या सैनिकांचा वॉर्ड बघायला लागले. तेव्हा असे पेशंट फार जगायचे नाहीत, बेडसोर (पडून पडून होणाऱ्या जखमा) आणि इन्फेक्शननेच जायचे, म्हणून यांनी दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची शिस्त लावली, अगदी रात्रीसुद्धा, आणि वर खेळायलाही लावलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक उघडलं त्याच दिवशी, व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजी झाली. १९५२ ला या स्पर्धेत डच सैनिकही आले, १९६० ला स्पर्धा रोमला गेली, तिलाच आता पहिलं पॅरालिम्पिक धरतात.

आता तुमचा वाद. १९७२ चं ऑलिम्पिक म्युनिकला, पण पॅरालिम्पिक हायडलबर्गला, कारण म्युनिकचं खेळाडूंचं गाव लगेच राहत्या फ्लॅट्समध्ये बदलायला काढलेलं (हे कारण मला तरी लंगडंच वाटतं). तर सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकरांनी, १९६५ च्या युद्धात गोळ्या खाल्लेला माणूस, पोहण्यातलं ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड हायडलबर्गलाच मारलं. ऑलिम्पिकच्याच शहरात, त्याच स्टेडियममध्ये पॅरालिम्पिक भरवायचं हे सलगपणे १९८८ च्या सोलपासून सुरू झालं.